बालदेहाची छाया आणि प्रमाणाचा प्रश्न

१

क्ष-किरणचित्र ही देहाची प्रतिकृती नव्हे. देहातून पार गेलेल्या किरणांनी मागे ठेवलेली ती छाया होय. हाडासारखा घन पदार्थ किरण अडवितो, फुप्फुसातील हवा त्यांना वाट देते, आणि या अडविण्या-सोडण्याच्या कमीअधिकपणातून फिल्मवर वा पडद्यावर पांढऱ्या-काळ्या छटा उमटतात. त्या छटांत रोगाचे नाव कोठेही लिहिलेले नसते. ते वाचणाऱ्याला काढावे लागते. न्यायशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर छाया हे प्रत्यक्ष आहे, रोग हे अनुमान आहे. धूर पाहून अग्नीचे अनुमान करणाऱ्याला धूर आणि अग्नी यांची व्याप्ती आधी निश्चित करून घ्यावी लागते. त्याचप्रमाणे छाया पाहून रोगाचे अनुमान करणाऱ्याला निरोगी देहाची छाया कशी असते हे आधी निश्चित ठाऊक असावे लागते.

प्रौढाच्या बाबतीत ही पूर्वअट फारशी जाणवत नाही, कारण प्रौढाचा सांगाडा बराच काळ एकसारखा राहतो. बालकाची गोष्ट निराळी आहे. नवजात अर्भकाच्या मनगटात आठ लहान हाडांपैकी बहुधा एकही क्ष-किरणचित्रात दिसत नाही. ती सर्व कूर्चेच्या रूपात असतात आणि कूर्चा किरणांना अडवीत नाही. पहिल्या काही महिन्यांत त्यांतील दोन दिसू लागतात, पुढे वर्षानुवर्षे एकेक भर पडत जाते, आणि शेवटचे वाटाण्याएवढे हाड दिसावयास नऊ ते बारा वर्षे लागतात. लांब हाडांची टोके मधल्या हाडापासून कूर्चेच्या पट्टीने विभागलेली असतात, आणि अननुभवी डोळ्याला ती पट्टी हाड मोडल्याची रेषा वाटू शकते. कवटीचे सांधे उघडे असतात. तेही भेगेसारखे दिसतात. जे पाचव्या वर्षी प्राकृत ते पंधराव्या वर्षी विकृत, आणि जे पंधराव्या वर्षी प्राकृत ते पाचव्या वर्षी विकृत, असा हा देह आहे. म्हणून बालकाच्या छायाचित्राचे वाचन सर्वस्वी तुलनेवर अवलंबून असते, आणि तुलना ज्याच्याशी करावयाची त्या प्रमाणावर.

मराठीत ‘प्रमाण’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. माप हा एक, आणि पुरावा हा दुसरा. बालरोगनिदानात हे दोन अर्थ एकमेकांत गुंतलेले आहेत. माप चुकीचे असेल तर चित्र कितीही स्पष्ट उमटले तरी ते पुरावा होऊ शकत नाही. या शाखेच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासातील काही मोठे प्रमाद यंत्राच्या दोषातून न घडता मापाच्या दोषातून घडले, आणि त्यातील काही महत्त्वाचे लाभही माप सुधारल्यामुळेच पदरी पडले. जॉन कॅफी यांचा ‘पीडिॲट्रिक एक्स-रे डायग्नोसिस’ हा १९४५ चा ग्रंथ आणि ग्रॉयलिक व पाइल यांचा हाताच्या व मनगटाच्या अस्थिविकासाचा १९५० चा चित्रसंग्रह, या दोन कृती शेजारी ठेवून पाहिल्या असता हे विधान तपासून घेता येते.

२

प्रमाणाची गरज आरंभापासूनच जाणवली होती. विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरात हे किरण शोधले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८९८ मध्ये, लंडनचे शल्यचिकित्सक जॉन पोलंड यांनी वाढत्या वयातील मनगट व हात यांच्या अस्थींचा एक चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. हात हा अवयव निवडण्यात सोय होती. तो शरीरापासून दूर धरता येतो, चित्रास किरण थोडे लागतात, आणि एवढ्याशा जागेत अनेक हाडांची वाढ एकाच वेळी पाहावयास मिळते. बॉस्टनचे बालरोगतज्ज्ञ टॉमस मॉर्गन रॉच यांनी १९१० मध्ये बालरोगांच्या क्ष-किरणनिदानावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. जन्मतारखेपेक्षा मनगटाच्या हाडांवरून मुलाची वाढ ठरवावी आणि शाळा, खेळ व कारखान्यातील बालमजुरी यांसंबंधीचे निर्णय त्यावरून घ्यावेत, असा त्यांचा आग्रह होता. रोगनिदानाचे साधन न्यायनिवाड्याचे साधन होऊ पाहते याची ही पहिली खूण म्हणता येईल. रॉच यांचा हेतू बालकांच्या रक्षणाचा होता. तथापि हाडांची परिपक्वता आणि मनुष्याचे वय या दोन गोष्टी एकच आहेत काय, हा प्रश्न त्यातच दडलेला होता.

३

प्रमाण चुकले म्हणजे काय होते याचे सर्वांत दुःखद उदाहरण थायमस ग्रंथीचे आहे. छातीच्या मध्यभागी, उरोस्थीच्या मागे असलेल्या या ग्रंथीला मराठीत यौवनलोपी ग्रंथी म्हणतात. तारुण्यानंतर ती आकसत जाते म्हणून हे नाव. अर्भकाच्या छातीच्या चित्रात तिची छाया हृदयाच्या वर दोन्ही बाजूंना पसरलेली दिसते. पुष्कळदा ती शिडाच्या आकाराची असते. बाळ रडत असेल, श्वास सोडत असेल वा उताणे निजलेले असेल तर ती आणखी रुंद दिसते.

झोपेत वा किरकोळ शस्त्रक्रियेच्या वेळी अकस्मात दगावलेल्या अर्भकांच्या शवविच्छेदनात ही ग्रंथी मोठी आढळते, असे सतराव्या शतकापासून नोंदले जात होते. १८५८ मध्ये फ्रीडलेबेन यांनी थायमसमुळे श्वास कोंडतो या समजुतीला आधार नसल्याचे सप्रयोग दाखविले होते; तरी १८८९ मध्ये व्हिएन्नाच्या पाल्टाउफ यांनी या स्थितीला स्वतंत्र प्रकृतिदोषाचे रूप दिले, आणि ‘स्टेटस थायमिकोलिम्फॅटिकस’ हे भारदस्त नाव पाठ्यपुस्तकांत रुळले. क्लोरोफॉर्म देताना झालेल्या मृत्यूंचे खापरही या दोषावर फोडता येऊ लागले. क्ष-किरण आल्यावर हा कल्पित दोष जिवंत बालकात ‘दिसू’ लागला. १९०७ मध्ये सिनसिनाटीच्या आल्फ्रेड फ्रीडलँडर यांनी अशा एका बालकाच्या छातीवर किरणांचा उपचार करून ते बरे झाल्याचे प्रसिद्ध केले. त्यानंतर अमेरिकेत ही चिकित्सा रूढ झाली. पुढे पुढे तर काही ठिकाणी कोणतेही लक्षण नसलेल्या नवजात अर्भकांना केवळ छाया रुंद दिसते म्हणून प्रतिबंधक उपाय म्हणून किरण देण्यात आले.

या प्रमादाची तर्करचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. थायमसचे ‘प्राकृत’ आकारमान शरीररचनाशास्त्राने शवांवरून ठरविले होते. शवविच्छेदनाच्या टेबलावर येणारी बहुसंख्य बालके दीर्घ आजाराने वा उपासमारीने खंगून मेलेली, आणि बहुधा गरिबांची असत. आजार, उपासमार आणि शारीरिक ताण यांनी ही ग्रंथी झपाट्याने आकसते. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत हे आकसणे ताणाचे एक सर्वसामान्य लक्षण म्हणून नोंदविले. म्हणजे ज्याला प्राकृत मानले ते वस्तुतः रोगाने झिजलेले होते. आणि अकस्मात मेलेल्या, तोवर धडधाकट असलेल्या बालकात जे ‘वाढलेले’ आढळले ते वस्तुतः प्राकृत होते. आरोग्यालाच रोग ठरविण्यात आले.

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. थायमसमधील पेशी किरणांना अतिशय हळव्या असतात. उपचारानंतर पुन्हा चित्र घेतले की छाया लहान झालेली दिसे, आणि बालकही, मुळात निरोगी असल्यामुळे, बरे असे. चित्राने रोग दाखविला, चित्रानेच उपचाराचे यश दाखविले; मधल्या काळात रोग होता काय, हे चित्राबाहेर जाऊन कोणी विचारले नाही. एका छायेची साक्ष दुसऱ्या छायेने पुरी केली. ब्रिटनमध्ये १९२६ मध्ये या विषयासाठी नेमलेल्या समितीच्या सामग्रीचे विवेचन १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि असा कोणताही प्रकृतिदोष असल्याचा पुरावा नाही असा निष्कर्ष निघाला. तरीही अटलांटिकपलीकडील व्यवहार लगेच थांबला नाही.

त्याचे मोल बालकांनी दिले. १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या डफी आणि फिट्झजेराल्ड यांनी अवटू ग्रंथीचा कर्करोग झालेल्या २८ बालकांचा व किशोरांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील अनेकांना तान्हेपणी थायमससाठी किरण देण्यात आले होते. गळ्यातील अवटू ग्रंथी त्या किरणांच्या वाटेतच असते. १९५५ मध्ये सिम्प्सन, हेम्पेलमन आणि फुलर यांनी न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे असे उपचार झालेल्या मुलांचा मागोवा घेऊन या संबंधाला बळकटी दिली. आणि १९६१ मध्ये लंडनमध्ये जॅक मिलर यांनी दाखवून दिले की ही ग्रंथी निरुपयोगी तर नाहीच, उलट शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीची घडण तिच्यावाचून होत नाही. निरोगीपणाची खूण असलेली आणि प्राणरक्षणास आवश्यक असलेली ग्रंथी एका चुकीच्या मापामुळे अर्धशतक आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली.

४

या पार्श्वभूमीवर कॅफी यांच्या ग्रंथाचे महत्त्व ध्यानात येते. जॉन कॅफी (१८९५–१९७८) हे मूळचे बालरोगचिकित्सक. क्ष-किरणशास्त्राचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमध्ये या विभागाचे काम त्यांच्याकडे आले, ते आजारी आणि निरोगी अशी असंख्य बालके डोळ्यांखालून गेल्यानंतर. त्यांच्या ग्रंथाचे वैशिष्ट्य रोगांच्या यादीत नाही. निरोगी बालकांतही छायेचे किती प्रकार आढळतात, याकडे ते ज्या चिकाटीने वाचकाचे लक्ष वेधतात त्यात ते आहे. थायमसच्या बाबतीत त्यांची भूमिका निःसंदिग्ध होती. मोठी थायमस आणि आकस्मिक मृत्यू यांचा कार्यकारणसंबंध त्यांनी नाकारला, आणि कोणत्याही वयात तिच्यावर किरण सोडणे हे अविचाराचे आहे असे स्पष्ट म्हटले. हे १९४५ मध्ये, म्हणजे कर्करोगाचा पहिला पुरावा पुढे येण्याच्या पाच वर्षे आधी. उपचाराच्या दुष्परिणामांवर त्यांचा आक्षेप अवलंबून नव्हता; उपचारासाठी रोगच नाही, हा त्यांचा मुद्दा होता. तर्कदृष्ट्या हा आक्षेप अधिक मूलगामी आहे.

प्राकृताचे ज्ञान पक्के असले म्हणजे विकृत आपोआप उठून दिसते, याचे प्रत्यंतर कॅफी यांच्याच १९४६ च्या निबंधात मिळते. मेंदूच्या वेष्टनाखाली जुने रक्त साचलेल्या सहा अर्भकांच्या हातापायांच्या लांब हाडांत त्यांना एकूण २३ अस्थिभंग आढळले. पालकांकडून दुखापतीची हकीकत मिळत नव्हती. हाडे आपोआप मोडावीत असा कोणताही अस्थिरोग त्या सांगाड्यांत दिसत नव्हता. निरोगी अर्भकाचे हाड कशाने मोडते आणि कशाने मोडत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच या विसंगतीचा अर्थ लागतो. कॅफी यांनी हे अस्थिभंग आघाताचेच आहेत असे म्हटले. आघात कोणी केला हे त्यांनी त्या वेळी उघडपणे लिहिले नाही. हा संयम शास्त्रीय होता की तो सामाजिक संकोच होता, याविषयी मतभेद संभवतात. त्यांचे शिष्य फ्रेडरिक सिल्व्हरमन यांनी १९५३ मध्ये हाच विषय पुढे नेला, आणि १९६२ मध्ये डेन्व्हरच्या हेन्री केम्पे यांनी सिल्व्हरमन व इतर सहकाऱ्यांसह मारहाण झालेल्या बालकाच्या लक्षणसमूहाला नाव दिले. मधली सोळा वर्षे छाया बोलत होती आणि तिचे म्हणणे पुरे ऐकले गेले नव्हते. थायमसच्या प्रकरणात चित्राला नको इतके ऐकले गेले, येथे पाहिजे तितके ऐकले गेले नाही. चित्राची विश्वासार्हता त्यामागच्या मापाइतकीच असते, हा धडा दोन्ही प्रकरणांतून मिळतो.

कॅफी यांच्या ग्रंथाचीही एक मर्यादा आहे. त्यातील प्राकृताची कल्पना अनुभवी डोळ्याची आहे. मोजून मांडलेली नाही. गुरूच्या शेजारी बसून शेकडो चित्रे पाहिल्याने जी जाण येते ती ग्रंथाने इतरांपर्यंत पोहोचविली; परंतु ही जाण ज्याला नाही त्याने विशिष्ट बालक प्राकृताच्या कक्षेत आहे की नाही हे कसे ठरवावे, या प्रश्नाचे सर्वांना सारखे वापरता येईल असे उत्तर त्यात सर्वत्र मिळत नाही. ते उत्तर देण्याचा प्रयत्न दुसऱ्या कृतीने केला.

५

विल्यम ग्रॉयलिक आणि आयडेल पाइल यांचा ‘रेडिओग्राफिक ॲटलस ऑफ स्केलेटल डेव्हलपमेंट ऑफ द हँड अँड रिस्ट’ १९५० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केला; दुसरी आवृत्ती १९५९ ची. त्यात मुलग्यांची ३१ आणि मुलींची २७ प्रमाणचित्रे आहेत. मुली वाढीत मुलग्यांच्या पुढे असल्यामुळे दोन मालिका वेगळ्या ठेवल्या आहेत. एकाच वयाच्या व लिंगाच्या बालकांची चित्रे परिपक्वतेच्या क्रमाने लावून, मध्यवर्ती स्थितीचे प्रतिनिधित्व करणारे एक चित्र त्यांतून निवडण्यात आले. वैद्याने रुग्णाच्या डाव्या हाताचे चित्र घ्यावे, पाने उलटावीत, आणि सर्वांत जुळणाऱ्या चित्राखालचे वय हे त्या बालकाचे ‘अस्थिवय’ समजावे, अशी पद्धत. तिच्या साधेपणामुळे हा चित्रसंग्रह जगभर पसरला आणि आजही वापरात आहे. अवटू ग्रंथीचा स्राव कमी पडणे, वाढीच्या हॉर्मोनची उणीव, अकाली यौवनागम, अशा अवस्थांत अस्थिवय आणि प्रत्यक्ष वय यांतील अंतर निदानाला दिशा देते. उपचाराने किती उंची मिळण्याजोगी आहे याचाही अंदाज त्यावरून येतो. या उपयोगाविषयी शंका नाही.

प्रश्न आहे तो ही मुले कोण होती याचा. ही चित्रे ओहायो राज्यातील क्लीव्हलँड येथे ब्रश फाउंडेशनच्या अभ्यासात, विन्गेट टॉड यांनी घालून दिलेल्या पद्धतीने, १९३१ ते १९४२ या काळात घेतली गेली. ती अमेरिकेत जन्मलेल्या, बहुतांशी उत्तर युरोपीय वंशाच्या गोऱ्या मुलांची आहेत, आणि त्यांची घरे आर्थिक व शैक्षणिक दृष्ट्या सरासरीपेक्षा वरच्या थरातील होती. लेखकांनी हे लपविलेले नाही. तथापि ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदलेली अट ग्रंथाच्या वापरात टिकतेच असे नाही. मुंबईच्या वा नैरोबीच्या रुग्णालयात पाने उलटणारा वैद्य चित्र पाहतो. प्रस्तावना पाहत नाही. क्लीव्हलँडचे एक विशिष्ट मूल अशा रीतीने मानवजातीचे सर्वसामान्य मूल होऊन बसते.

या चित्रसंग्रहावरील सर्वांत समर्थ टीका खुद्द ग्रॉयलिक यांच्याच संशोधनात सापडते. हिरोशिमा व नागासाकी येथील बाँबहल्ल्यातून वाचलेल्या मुलांच्या वाढीचा अभ्यास त्यांनी सहकाऱ्यांसह १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. १९५७ मध्ये त्यांनी अमेरिकेत जन्मलेल्या जपानी वंशाच्या मुलांची जपानमधील मुलांशी तुलना केली, तेव्हा अमेरिकेतील मुले अधिक उंच आणि अस्थिवयाने अधिक पुढे असल्याचे दिसले. वंश तोच, परिस्थिती निराळी, आणि हाडे निराळी. परिस्थितीचा ठसा हाडांवर उमटतो हे ज्या हाताने दाखविले त्याच हाताने एका परिस्थितीतील हाडांचे माप सर्वांच्या हाती दिले, ही या ग्रंथाची अंतर्गत विसंगती होय.

इंग्लंडमध्ये टॅनर आणि व्हाइटहाउस यांनी प्रत्येक हाडाला स्वतंत्र गुण देण्याची जी पद्धत १९५९ पासून विकसित केली, तिने तुलनेतील ढोबळपणा पुष्कळ कमी केला. १९७५ च्या आवृत्तीत २० हाडांचे मूल्यमापन आहे. परंतु तीही मूळ ब्रिटिश मुलांच्या मापावर उभी होती. त्यामुळे मोजण्याची पद्धत सुधारली तरी कोणाला मोजून प्रमाण ठरविले हा प्रश्न शिल्लकच राहिला.

६

भारतात हा प्रश्न रुग्णालयाच्या भिंतीबाहेर गेला आहे. जन्माची विश्वसनीय नोंद नसलेल्या समाजात वय ठरविण्यासाठी हाडांकडे वळणे स्वाभाविक होते. हेपवर्थ यांनी १९२९ मध्ये आणि गॅलस्टन यांनी १९३७ मध्ये भारतीयांच्या अस्थिभवनाचे स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केले, ते परकीय माप जसेच्या तसे लागू करता येणार नाही या जाणिवेतूनच. न्यायालयात आरोपी अठरा वर्षांखालील आहे की नाही यावर त्याचा खटला बाल न्याय मंडळापुढे चालावयाचा की सामान्य फौजदारी न्यायालयापुढे, हे अवलंबून असते. अशा वेळी मनगट, कोपर, खांदा व कटी यांची चित्रे साक्षीला येतात.

येथे तर्काची दिशा उलटी झालेली आहे, याकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. वय ठाऊक असलेल्या बालकाची वाढ किती झाली, हे सांगण्यासाठी ही मापे तयार झाली. न्यायालय वाढ पाहून वय विचारते. पहिल्या अनुमानातून दुसरे आपोआप निघत नाही. जेथे अग्नी तेथे धूर दिसेलच असे नाही, हे नैयायिकांनी तापलेल्या लोखंडी गोळ्याच्या दृष्टांताने पूर्वीच दाखविले आहे. दहा वर्षांपुढील निरोगी मुलांतही अस्थिवयाचे प्रमाण विचलन सुमारे एक वर्षाच्या घरात असते. म्हणजे एकाच वयाच्या दोन निरोगी मुलांच्या अस्थिवयांत तीन-चार वर्षांचे अंतर पडणे अशक्य नाही. शिवाय हाडांची टोके एकदा जुळून गेली की सतरा वर्षांचा मुलगा आणि तेवीस वर्षांचा तरुण यांच्या मनगटांत भेद उरेलच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये जयमाला प्रकरणात क्ष-किरणांवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांचा फरक संभवतो हे मान्य केले. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या ९४ व्या कलमाने शाळेचा वा शालान्त परीक्षेचा दाखला प्रथम, त्याच्या अभावी महानगरपालिका, नगरपालिका वा पंचायतीचा जन्मदाखला, आणि हे दोन्ही नसतील तरच अस्थिपरीक्षा, असा क्रम लावून दिला. कायद्याने हा पुरावा शेवटच्या स्थानी ठेवला हे शास्त्राच्या दृष्टीने योग्यच झाले. पण ज्याच्याजवळ कोणताही कागद नाही तो बहुधा सर्वांत दरिद्री मुलगा असतो. ज्या चित्रावर सर्वांत कमी विश्वास ठेवावयाचा त्याच चित्रावर त्याचे भवितव्य टांगलेले राहते.

७

यावर सहज सुचणारा उपाय असा की, परकीय माप टाकून प्रत्येक देशाने आपल्या मुलांचे माप तयार करावे. हा उपाय अंशतः योग्य आहे. परंतु थायमसच्या इतिहासाने दिलेला इशारा येथे विसरून चालणार नाही. दीर्घकालीन कुपोषणाने अस्थिभवन मागे पडते. कुपोषित मुले मोठ्या संख्येने असलेल्या प्रदेशात सरसकट सर्व मुलांची चित्रे घेऊन मध्यमान काढले तर ते कुपोषणाचेच मध्यमान होईल, आणि मागे पडलेले मूल त्या मापाने प्राकृत ठरेल. शवविच्छेदनाच्या टेबलावरील खंगलेल्या देहांवरून थायमसचे माप घेतले तेव्हा जे घडले तेच येथे घडेल, फक्त दिशा उलटी असेल: तेथे निरोगी बालकाला रोगी ठरविले गेले, येथे उपाशी बालकाला निरोगी ठरविले जाईल. पहिल्या चुकीने नको तो उपचार झाला. दुसऱ्या चुकीने हवे ते अन्न नाकारले जाईल.

या दृष्टीने पाहता क्लीव्हलँडच्या सुखवस्तू मुलांची निवड हा जसा दोष आहे तसा तो काही अंशी गुणही आहे. पोटभर जेवणाऱ्या, सांभाळल्या गेलेल्या मुलांची हाडे कशी वाढतात हे त्यांनी दाखविले. समाजात जे आढळते त्याचे वर्णन आणि जे आढळावयास हवे त्याचे प्रमाण, यांत भेद आहे. आणि तो भेद जागतिक आरोग्य संघटनेने उंची व वजन यांच्या बाबतीत डोळसपणे पाळला. १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत, स्तनपान मिळालेल्या, धूम्रपान न करणाऱ्या मातांच्या व चांगल्या परिस्थितीत वाढणाऱ्या बालकांचा अभ्यास करून २००६ मध्ये पाच वर्षांखालील बालकांची प्रमाणे प्रसिद्ध झाली. भारतातील केंद्र दक्षिण दिल्लीत होते. भिन्न वंशांची ही मुले योग्य परिस्थिती मिळाली असता लहानपणी जवळपास सारखीच वाढतात, हा त्या अभ्यासाचा मोठा निष्कर्ष होय. मुलांना विशिष्ट देशाची ठरवून मग मोजण्यापेक्षा, वाढीस योग्य परिस्थिती मिळालेली मुले सर्व देशांतून निवडून मोजावीत, ही त्यामागील दृष्टी आहे. हाडांच्या छायेच्या बाबतीत तिचे अनुकरण होण्याची आवश्यकता आहे.

हे काम आज अधिक निकडीचे झाले आहे, कारण चित्र वाचणारा आता नेहमीच मनुष्य असतो असे नाही. २०१७ मध्ये उत्तर अमेरिकेच्या क्ष-किरणशास्त्र संस्थेने अस्थिवय ओळखणाऱ्या संगणकप्रणालींची स्पर्धा घेतली. शिकण्यासाठी स्टॅनफर्ड व कोलोरॅडो येथील बालरुग्णालयांतील बारा हजारांहून अधिक हातांची चित्रे देण्यात आली, आणि विजेत्या प्रणालीचे उत्तर तज्ज्ञांच्या उत्तरापासून सरासरीने चार-साडेचार महिन्यांहून दूर गेले नाही. ही कामगिरी लक्षणीय आहे. परंतु ते तज्ज्ञ ग्रॉयलिक-पाइल यांच्याच चित्रांशी ताडून वय सांगत होते. यंत्राने तज्ज्ञाचे अनुकरण केले, तज्ज्ञाने १९५० च्या ग्रंथाचे, आणि ग्रंथाने क्लीव्हलँडच्या मुलांचे. मनुष्य निदान क्वचित प्रस्तावना उघडून पाहतो आणि शंका घेतो. यंत्र प्रस्तावना वाचीत नाही. त्याची अचूकता जितकी वाढेल तितके मापातील दोषही अचूकपणे पुढे नेले जातील.

बालकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. वाढत्या पेशी किरणांना अधिक हळव्या असतात आणि बालकापुढे आयुष्य अधिक उरलेले असते. म्हणून २००८ पासून बालरोग-क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनांनी किरणांची मात्रा शक्य तितकी कमी ठेवण्याची मोहीम चालविली आहे, आणि जेथे ध्वनिलहरींच्या चित्राने काम भागते तेथे किरण टाळले जातात. ही दक्षता थायमसच्या प्रकरणाने शिकविली असे म्हणता येईल. परंतु त्या प्रकरणाचा तो अर्धाच धडा आहे. मात्रा कमी असती तर कदाचित कर्करोग टळला असता. रोग नसलेल्या बालकाला रोगी ठरविण्याची चूक मात्र टळली नसती.

कॅफी यांच्या ग्रंथाचे श्रेष्ठत्व या ठिकाणी ठरते. ग्रॉयलिक व पाइल यांनी मोजण्यास माप दिले, आणि त्यावाचून शास्त्राला पुढे जाता आले नसते. कॅफी यांनी मापाकडेच संशयाने पाहण्याची सवय दिली. पहिल्या कृतीचा उपयोग रोज होतो, दुसरीचा उपयोग चूक होण्याच्या बेतात असताना होतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याला दोन्ही लागतात. त्याच्यासमोर जेव्हा एखाद्या बालकाच्या छातीची वा मनगटाची छाया येईल आणि ती प्रमाणाशी जुळत नाही असे दिसेल, तेव्हा बालकात काय बिघडले आहे हा प्रश्न विचारण्यापूर्वी त्याने हे प्रमाण कोणत्या बालकांवरून घेतले होते, आणि ती बालके काय खाऊन, कोणत्या घरात वाढली होती, हे विचारले पाहिजे. या क्रमाने प्रश्न विचारले गेले असते तर थायमसच्या नावाखाली किरण दिलेली अनेक मुले त्या उपचारातून आणि त्याच्या परिणामांतून वाचली असती.